उलटी बाजू बाळाची

मने, फोटो मिळाला. पाळण्याला चारी बाजूंनी गुबगुबीत गाद्या, ढगाच्या आकाराची उशी, पायाशी झालर लावलेली रजई, वर लोंबणाऱ्या चांदण्या. "ताई, दोन महिन्यांत हे सगळं शिवून होईल का गं?" असं विचारलंयस. होईल. तुझी टीप शाळेत असल्यापासून सरळ येते, त्याची काळजी नाही. पण यातलं निम्मं शिवू नकोस असंच मी सांगणार आहे, आणि जे शीव म्हणेन त्यातलं फारसं त्या फोटोत नाहीच. सावकाश बसून वाच.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. कपडा हातात घेतला की आपण बघतो ती सुलटी बाजू. रंग, लेस, भरलेलं फूल. बाळाच्या वाट्याला येते उलटी बाजू. शिवणीच्या कडा, दोऱ्याच्या गाठी, भरतकामामागची जाळी, जरीचं एखादं टोक, सगळं तिकडे. त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ, आणि टोचलं तर हलून बाजूला होणंही त्याला जमत नाही. म्हणून प्रत्येक कपडा झाला की उलटा करायचा आणि डोळे मिटून आपल्या गालावरून, ओठांवरून फिरवायचा. बोटांवर विश्वास ठेवू नकोस, आपली बोटं भांडी घासून निबर झालेली असतात. गालाला जाणवलं की ती शिवण उसवायची, कंटाळा करायचा नाही.

कापड नवीन थोडंच लागेल. आई येताना जुनी सुती पातळं आणणार आहे, तुझ्या सासूबाईंकडेही असतीलच. शंभर धुण्यांनी जो मऊपणा येतो तो दुकानात मिळत नाही. पण सगळंच जुनं चालत नाही. कापड दोन हातांत धरून आडवं-उभं ताणून बघ, चर्रकन् फाटलं तर त्याची फडकी कर. बसून बसून विरलेला भाग सोड, निऱ्यांचा आणि पदराजवळचा घे. आणि सुती म्हणून आलेलं खरंच सुती आहे का, तेही बघ. कडेचा एक धागा काढून आईला जाळून बघायला सांग. सूत कागदासारखं जळतं आणि बोटाने चुरगळेल अशी राख पडते. दुसरं काही मिसळलेलं असेल तर वितळून टोकाला टणक मणी होतो. तसलं कापड बाळाच्या अंगाला नको, घामाने हैराण होईल ते.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण हे घरात कुणाच्याच लक्षात येत नाही. आजीची नऊवारी ट्रंकेत आहेत ना, डांबरगोळ्या घालून ठेवलेली? ती बाळासाठी आणू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. अशा बाळाच्या श्वासातून किंवा कातडीतून नॅप्थलीन, म्हणजे तीच डांबरगोळी, अंगात गेली की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, कावीळ वाढते आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. वर आपण बाळाला तेल चोळतो, त्या तेलातून ती आणखी सहज आत शिरते. कपडे धुतले, उन्हात टाकले, वास गेला, तेवढ्याने भागेल असं मानायचं नाही. आजीच्या लुगड्याची माया मला कळते गं, ते तिच्या अंगाचं वस्त्र. पण ते तुझ्या कपाटात राहू दे, बाळ मोठं झालं की त्याची गोधडी करू. बाळासाठी रोजच्या वापरातलं, दांडीवरचं पातळ घ्या. आणि तयार झालेले कपडे ठेवताना त्यात गोळी टाकू नकोस. वाटलं तर कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेव.

आत्याने तुला फोन करून "बाळाचं आधी काही शिवू नये" म्हणून सांगितलं, आणि तू रडलीस, हे आई बोलली. आत्यावर रागावू नकोस. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. तिच्या पिढीने शिवून ठेवलेली झबली परत कपाटात जाताना पाहिली आहेत. २०२० मध्ये हाच आकडा २८ वर आला होता. तिची भीती खरी होती, काळ बदलला आहे. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिलाच कामाला लाव. तिचा हेमचा टाका आपल्या घरात सगळ्यात बारीक, तो दिसतच नाही. दुपट्यांच्या कडा तिला दे. आणि तिचं मन राखायचं तर पहिल्या दिवसाचं झबलं जुन्या कापडाचं कर, नव्या कापडाचे कपडे बारशाला काढ. बऱ्याच घरांत तशीच रीत आहे आणि ती बाळाच्या सोयीचीही आहे, कारण नवं कापड दोन-तीनदा धुतल्याशिवाय त्यातली खळ जात नाही.

नवी मलमल आणलीस तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, वाळव, इस्त्री कर आणि मगच बेत. मलमल आटते. न भिजवता बेतलेलं झबलं पहिल्या धुण्यात पोटावर चढतं.

झबलं अंगरख्यासारखं पुढे एकावर एक येणारं कर. डोक्यातून घालायचं अजिबात नको. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण तेरा-चौदा इंच घेराचं असतं, छातीपेक्षाही थोडं मोठंच, आणि मान अजून धरलेली नसते. छातीचा घेर वीस इंच धर, उंची बारा. बाही वेगळी जोडू नकोस, अंगातच बेत, म्हणजे मुंढ्याची शिवण राहतच नाही. काखेत शिवण नसली की घामाने लाल होण्याचं एक कारण कमी झालं. बाहीचं तोंड किती रुंद ठेवायचं ते टेपने मोजू नकोस. तुझी तीन बोटं बाहेरून बाहीत घाल. ती सहज आत जाऊन बाळाची मूठ धरता आली पाहिजे, कारण बाही घालताना बाळाचा हात आपण ढकलत नाही, बाहेरून बोटं घालून मूठ अलगद ओढून घेतो. रात्री तीन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, ही रुंद बाही तुझे आभार मानेल.

शिवणी सगळ्या बाहेर ठेव. हो, बाहेर. झबल्याच्या दोन्ही कुशींची शिवण सुलट्या बाजूला काढायची आणि वरून बारीक उरेब पट्टी बसवायची. रंगीत पट्टी घेतलीस तर ती नक्षीच दिसते. खालची दुमडही बाहेरच्या बाजूला. पट्टी आपल्याला बघायला, आणि आतून सपाट, गुळगुळीत कापड बाळाला.

बंद कुशीत लाव, कमरेच्या जरा वर. गळ्याशी बंद नको, पाठीवर तर नकोच. बाळ पाठीवर झोपतं, गाठीवर झोपवायचं का त्याला? लांबी गाठ बसण्यापुरती, पाच-सहा इंच, त्याहून लांब दोरी बाळाजवळ असूच नये. टिचबटणं आवडत असतील तर लाव, पण बटण जोरात ओढून बघ आणि त्याच्या मागे कापडाचा एक तुकडा दे. मणी, टिकल्या, घुंगरू, मोती, आरसा यातलं काहीही नको. आज बाळाची मूठ उघडत नाही, चार महिन्यांत तीच मूठ तोंडाकडे जाते.

या मापाची झबली थोडीच कर, सहा-आठ पुरेत. पाच महिन्यांच्या सुमारास बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट होतं, म्हणून जास्तीचं कापड मोठ्या मापासाठी राखून ठेव. मात्र दोन झबली मुद्दाम लहान करून ठेव. बाळ लवकर आलं किंवा अंगाने बारीक आलं तर दवाखान्यात मापाचं काही मिळत नाही. बारीक बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देतात, कांगारू मदर केअर म्हणतात त्याला. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ते सुरू केलं. त्या वेळी बाळाच्या अंगावर टोपडं, लंगोट आणि मोजे, फार तर पुढून उघडं झबलं, एवढंच ठेवतात. म्हणून एक पुढून पूर्ण उघडं झबलं आणि एक लहानसं टोपडं पिशवीत असू दे. लागलं नाही तर उत्तमच.

लंगोटांची मात्र कंजुषी करू नकोस. दूध नीट उतरलं की बाळ दिवसाला सहा-आठदा तरी ओलं करतं, पुष्कळदा त्याहून जास्त. त्यात तुझी तारीख जूनअखेरची, म्हणजे ठाण्याचा मुसळधार पाऊस. दोरीवरचं कापड दोन-दोन दिवस दमट राहतं आणि दमट लंगोटाने मांड्या लाल होतात. तीस लंगोट कर, आणि जाड, घड्यांचे करू नकोस. जुन्या पातळाचा चोवीस इंचांचा एकेरी चौकोन, कडेला हेम, बस्स. बांधताना त्रिकोणी घडी घालायची, जास्त हवं तिथे घडी वाढवायची. एकेरी कापड पंख्याखाली लवकर वाळतं. वाळल्यावर इस्त्री फिरवायचं काम जावईबुवांकडे दे. त्यांना आत्तापासून सांगून ठेव, म्हणजे तेव्हा वाद नको. आणि लंगोट नेहमी बेंबीच्या खाली बांधायचा. नाळेचा तुकडा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप गळतो, तोवर तो कोरडा आणि मोकळा राहायला हवा.

हातमोजे आणि पायमोजे शिवायला सगळ्यांनाच आवडतं, इवलेसे, गोड दिसतात. मी तुला हातमोजे शिवूच नकोस म्हणेन. आतला एखादा सुटा दोरा बोटाभोवती गुंडाळला जातो, बाळ हात हलवतं तसा तो आवळत जातो, रक्त अडतं, बोट सुजतं, आणि मोजा वर असल्यामुळे कुणाला दिसत नाही. बाळ रडत राहतं, घरातले म्हणतात पोटात दुखत असेल. त्याची नखं जपून काप, ओरखडे फारसे येत नाहीत. पायमोजे हवेतच तर शिवण बाहेर ठेवून शीव आणि घालायच्या आधी दर वेळी उलटे करून बघ. बाळंतपणानंतर तुझे केस गळायला लागतील, तेव्हा तर नक्कीच. लांब केसही मोज्यात अडकून बोटाभोवती असाच फास बसवतो. कारण न कळता बाळ रडत राहिलं तर आधी सगळे कपडे काढून हातापायांची बोटं बघायची. हे आईलाही सांग.

आता त्या फोटोतल्या पाळण्याकडे येते. मने, तू कितीही हौसेने म्हणालीस तरी कडेच्या गाद्या करू नकोस. डोकं आपटू नये म्हणून त्या लावतात, पण बाळाचं नाक त्यात रुतलं तर त्याला मान फिरवून बाजूला होता येत नाही. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून त्यांच्या विक्रीवर बंदी आणली आहे. पाळण्यात एक टणक, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि पाठीवर झोपलेलं बाळ. पहिलं वर्षभर उशी नाही, रजई नाही, मऊ खेळणी नाहीत. तुला तो पाळणा ओका-बोका वाटेल. वाटू दे. चादर मात्र मनापासून शीव. गादीच्या मापाहून चारही बाजूंना सहा-सात इंच जास्त घे, कोपरे शिवून टाक आणि कडेला इलॅस्टिक घाल, म्हणजे एकही सुरकुती वर येणार नाही. अशा चार कर, पावसाळा आहे.

राईची उशी काकू पाठवणारच, डोकं गोल होतं म्हणून. तिने ती प्रेमानेच भरली असणार, तिचं मन मोडू नकोस. पण बाळाच्या डोक्याखाली ती घालायची नाही, बालरोगतज्ज्ञही नकोच म्हणतात. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून रोज बाळाचं तोंड वेगवेगळ्या बाजूला करून निजव, आणि जागं असताना आपल्या देखत थोडा वेळ पोटावर ठेव. काकूला सांग, डॉक्टरांनी मनाई केली आहे. डॉक्टरांचं नाव पुढे केलं की घरात कुणी दुखावत नाही.

त्या पोटावरच्या खेळासाठी जमिनीवर घालायला गोधडी हवी. ती मनसोक्त कर. जुन्या पातळांचे तीनच थर घे, जास्त घेतलेस तर जुलैत वाळणार नाही. धावदोरा बारीक घाल. लांब टाका दिसायला सुंदर, पण त्यात बाळाची करंगळी अडकते. आणि सुई हातात घेताना मोजायची, ठेवताना मोजायची. एक जरी कमी भरली तर ती सापडेपर्यंत गोधडी घडी करून ठेवायची नाही. उलटीकडून, सुलटीकडून तळहात दाबत सगळी चाचपून बघायची.

दुपटी चाळीस इंचांची चौकोनी कर, दुहेरी. बाळाला गुंडाळताना आईची जुनी सवय पाय सरळ करून घट्ट आवळायची आहे. तिला प्रेमाने थांबव. पाय बेडकासारखे दुमडून बाजूला पसरता आले पाहिजेत, नाहीतर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. छातीशी हाताचा तळवा जाईल इतकं सैल, कमरेखाली त्याहून सैल. आणि बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद.

इतकं सगळं नको-नको म्हटलं म्हणून हिरमुसू नकोस. हौस करायला कुंची आहे ना. गुळेदगुड्डचा खण घे, हिरवा किंवा जांभळा, तुला शोभतो तो. चौदा इंच लांब, सात इंच रुंद पट्टी मधोमध दुमडायची आणि मागची कड शिवून टाकायची, की टोपी झाली. मानेशी बारीक चुण्या घालून खाली घेरदार तुकडा जोडायचा, पाठीवरून कमरेपर्यंत रुळेल असा. खणाचा काठ चेहऱ्याच्या बाजूला आला पाहिजे. पण खण आणि बाळाची कातडी यांच्यामध्ये मलमलीचं अस्तर हवं, आणि ते काठाच्याही पुढे धागाभर बाहेर आलेलं, म्हणजे कपाळाला खण लागतच नाही. हनुवटीखालचे बंद मलमलीचेच. बारशाला घालायची, सगळ्यांनी बघायचं, फोटो काढायचे आणि पाळण्यात घालायच्या आधी काढून ठेवायची. टोपड्याचंही तसंच. बाहेर नेताना, गार हवेत घाल. घरात झोपताना डोकं उघडं राहू दे, बाळाची जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे जाते.

आणि पाळण्यावर चिमणाळं कर. उरलेल्या खणाच्या चिमण्या, पण त्यांत दोन-चार काळ्यापांढऱ्या असू देत. पहिल्या महिन्यात बाळाला वीतभर, फार तर फूटभर अंतरावरचंच स्पष्ट दिसतं, आणि त्यातही ठळक काळंपांढरं आधी. डोळे दोऱ्याने भर, मणी लावू नकोस. बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं उंच टांग आणि ते हातांवर जोर देऊन उठू लागलं की, पाचव्या महिन्याच्या आसपास, उतरवून ठेव.

आता तुझं. सगळे बाळासाठी शिवतात, बाळंतिणीसाठी कुणी शिवत नाही. उशी शिवायचीच हौस आहे ना, तर स्वतःसाठी शीव. पाजताना मांडीवर घ्यायला लांबट, घट्ट भरलेली, शेवरीच्या कापसाची, वर धुता येणारी खोळ. बाळ छातीच्या उंचीवर आलं की पाठीला वाकावं लागत नाही. पहिले सहा आठवडे तुझी पाठ वाचवणारी गोष्ट तीच. दोन जुन्या गाऊनना पुढून उघड दे. आणि दुधाने भिजणाऱ्या ब्लाऊजच्या आत ठेवायला सुती गोल चकत्या कर, चार थरांच्या, डझनभर.

मशीनवर सलग बसू नकोस, अर्ध्या तासाने उठून घरात फिर, पाय सुजतात. कापड जमिनीवर पसरून वाकून बेतू नकोस, जेवणाचं टेबल मोकळं कर. आणि आठवा महिना संपला की कात्री ठेवून दे. जे राहिलं ते आई शिवेल, मी शिवेन.

झबल्याचा आणि कुंचीचा कागदी बेत मी उद्याच्या कुरिअरने पाठवते आहे. लहान मापाचा पिवळ्या कागदावर आहे, मोठ्याचा पांढऱ्यावर. पहिलं झबलं कापायच्या आधी मला व्हिडिओ कॉल कर, शनिवारी दुपारी मी घरीच आहे. मलमलीला मंगलदास मार्केटात जाशील तर एकटी जाऊ नकोस, सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत परत ये. पन्हा विचारून घे, चव्वेचाळीसचा मिळाला तर चार मीटर पुरेल. आणि दुकानदार "पॉलिकॉटनपण मऊच असतं ताई" म्हणाला तरी ऐकू नकोस.